औसा ते गँडर (कॅनडा): फोनची वेळ कशी बसवावी? आई पहाटे चारला उठून बसायलीय

औशाचा_दादा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहायलोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमची धाकटी बहीण लग्न होऊन कॅनडाला गेली त्याला सव्वा वर्ष झालं. गावाचं नाव गँडर, न्यूफाउंडलंड म्हणून एक बेट हाय तिथं. (नाव नीट वाचा. गँडर. पारावर आधीच खूप हसून झालंय, दाजींच्या वडलांनी तर बैठकीत नुसतं 'कॅनडा' म्हणून वेळ मारून नेली होती.)

तर विषय असा. धाकटी तिथं वृद्धाश्रमात काम करते, बारा तासाची ड्युटी, सकाळी 8 ते रात्री 8. दाजी (ते विमानदुरुस्तीत हायेत) न्यायला येतात, ती गाडीत बसली की सव्वाआठला फोन मोकळा, तेव्हा आपल्याकडं पहाटेचे सव्वाचार. आईला ते बरंच पडायचं, कारण कोजागरीपासून मारुतीच्या देवळात काकडा सुरू झालेला, आई तशीबी चारला उठतेच, चुलीवर पाणी ठेवायचं, फोन लावायचा, जेवलीस का, काय केलीस, पाय दुखायलेत का एवढं विचारायचं आणि पावणेपाचला टाळ घेऊन देवळात. एकदम गाडी रुळावर.

मग नोव्हेंबरचा पहिला रविवार गेला. सोमवारी पहाटे आईनं सव्वाचारला फोन लावला तर उचलेना. तीनदा लावला. दाजींना लावला तर ते पण उचलेनात. आईनं मला उठवलं, माझ्या आवाजानं लेकरं उठली, आईनं देवापुढं दिवा लावला आणि तिथंच बसली, काकडा बुडाला, चुलीवरचं पाणी आटून पातेलं करपलं ते वेगळंच. सव्वापाचला धाकटीचाच फोन आला, हसत हसत, "दादा आत्ता कुठं आठ वाजलेत, रात्री घड्याळ मागं केलंय ना." आई म्हणली, मागं केलं म्हणजे? कुणी केलं? सरकारनं? आणि सगळ्यांनी करू दिलं?

आता सव्वापाच म्हणजे ऐन काकड्याची वेळ. फोन धरावा तर देव सुटतो आणि देव धरावा तर पोरगी. मला विचारायचं हे की हे मागंपुढं करायचं काय प्रकरण हाय, किती दिवस चालतं. ब्रॅम्प्टनला आमच्या पाहुण्यातला एक पोरगा हाय, तो साडेनऊ-साडेदहा तास म्हणतो, धाकटी आधी आठ म्हणायची आता नऊ म्हणायलीय, एका देशात इतके टाईम कसे.

आणि खरं विचारायचं ते पुढं. ते गाव कसंय हो? आई विचारती संध्याकाळी काय करता गं, तर धाकटी म्हणली, "संध्याकाळच नसती आई, चार-सव्वाचारला रात्र होती." ते ऐकल्यापासून आई दुपारी चारला उन्हात बसून हिशेब घालायलीय की आता तिकडं अंधार असंल का. (नसतो, तेव्हा तिकडं सकाळचे सात असतात, हे मी तिला दहादा सांगितलं. तर म्हणली, मग सातला तरी उजाडतंय का? मला काय माहीत.)

मोंढा_नाका

दादा मोबाईलमधी जगाचं घड्याळ असतंय. गँडर सापडलं नाही तर सेंट जॉन्स टाका, दोन्हीचा टाईम एकच. विषय संपला. आणि कॅनडा म्हणलं की साडेदहा तास मागं, फिक्स, माझा दोस्त टोरंटोला हाय.

पातेलं पितळंचं असंल तर चिंच लावून घासा.

परभणीची_पोर

मोंढा_नाका, सेंट जॉन्स बरोबर पण साडेदहा तास चूक. कॅनडात सहा टाईमझोन आहेत हो, टोरंटोचा वेगळा, न्यूफाउंडलंडचा वेगळा. तिथल्या टीव्हीवर कार्यक्रमाची वेळ सांगताना शेवटी "न्यूफाउंडलंडमध्ये अर्धा तास उशिरा" हे ठरलेलं वाक्य असतं, लोक त्यावर विनोद करतात.

दादा, मी सेंट जॉन्सला दोन वर्षं शिकायला होते, गँडर तिथून सव्वातीनशे किलोमीटर, दोनतीनदा जाऊन आलेय. आधी वेळेचं सांगते. लंडनजवळच्या ग्रीनिचच्या वेळेपासून जगात बहुतेक ठिकाणी पूर्ण तासाचा फरक असतो, आपण साडेपाच तास पुढं म्हणून आपल्या लोकांना सगळीकडं अर्ध्या तासाची कटकट. न्यूफाउंडलंड पण अर्ध्यावालंच, साडेतीन तास मागं. अर्धा आणि अर्धा मिळून पुरे होतात, म्हणून तुमचा आणि तुमच्या बहिणीचा मिनिटकाटा कायम एकाच जागी असतो. तुमच्याकडं सव्वा तर तिच्याकडं पण सव्वाच. हे सुख ब्रॅम्प्टनवाल्याला नाही. तो अर्धा तास त्यांचा अभिमान आहे बरं का. 1949 पर्यंत ते कॅनडात नव्हतेच, घड्याळ आधीपासून वेगळं. 1963 मध्ये त्यांच्याच सरकारनं शेजारच्या प्रांतासारखी वेळ करायला काढली तर लोकांनी इतका दंगा केला की निर्णय मागं घ्यावा लागला. 1988 ला उन्हाळ्यात एकाऐवजी दोन तास पुढं करून बघितलं, ते एकाच वर्षात गुंडाळलं.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागं. म्हणजे आता मार्चपर्यंत नऊ तास, मग आठ. आईंना वजाबाकी करायला लावू नका. त्यांना सांगा, हिवाळ्यात आपल्या घड्याळात तीन मिळवायचे आणि दिवसाची रात्र करायची. पहाटेचे सव्वापाच अधिक तीन, सव्वाआठ, पहाटेच्या उलट रात्र, म्हणजे तिकडं आदल्या रात्रीचे सव्वाआठ. मार्चनंतर तीनच्या जागी चार. माझी आजी चौथी शिकलेली, तिला हे दोन दिवसात जमलं, पप्पांना अजून जमत नाही.

आता गाव. बारा हजाराच्या आतलं. पण बारा हजार म्हणून आपल्याकडच्यासारखं समजू नका, आसपास शंभर-शंभर किलोमीटरच्या वाड्यावस्त्यांचं बाजारहाटीचं गाव तेच, दवाखाना, कॉलेज, मोठी दुकानं सगळं तिथंच. गाव मुळात विमानतळासाठी वसलं. 1936 ला काम सुरू झालं, 1938 ला पहिलं विमान उतरलं. तेव्हा युरोपातून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांची टाकी एका दमात पुरायची नाही, वाटेत तेल भरायला हेच ठिकाण. आपल्याकडं एसटी जशी चहापाण्याला एका ठराविक हॉटेलावर थांबते ना, तसं विमानांचं झालं. मग जेट आले, थांबायची गरज संपली. दाजी विमानदुरुस्तीत आहेत म्हणता म्हणजे जुन्याच धंद्यात आहेत. रस्त्यांना सुद्धा वैमानिकांची नावं.

थंडीचं खरं सांगते, लपवत नाही. वर्षाला चार मीटरच्या वर बर्फ पडतो. पहाटे रस्त्यावरून बर्फ ढकलणारं मशीन फिरतं, आवाज अगदी जेसीबीचा, पहिल्या रात्री मी दचकून उठले होते, वाटलं अतिक्रमण काढायलेत. सकाळी आधी रेडिओ लावायचा, शाळा चालू की बंद ते ऐकायचं, मग फावडं घेऊन गाडी उकरायची. हे झाल्यावर चहा. तुमच्या आईंचा प्रश्न बरोबरच आहे, डिसेंबरात सातला उजाडत नाही. आठच्या आसपास सूर्य येतो आणि सव्वाचारला जातो. बहीण आठ ते आठ ड्युटीवर म्हणजे सूर्य तिला खिडकीतूनच दिसणार. व्हिटॅमिन डी घ्यायला सांगा, तिथं सगळेच घेतात, आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी बारा ते दोनमध्ये काही झालं तरी बाहेर चक्कर मारायची. पहिल्या हिवाळ्यात मी नाही मारली, फेब्रुवारीत विनाकारण रडायला यायचं. म्हणून सांगतेय.

पण जूनमध्ये जाऊन बघा! पाचला उजेड आणि रात्री नऊ वाजून गेले तरी ऊन. लोक जेवण करून मग बाग खणायला निघतात. जेवण पण कधी, तर संध्याकाळी पाचला. त्याला सपर म्हणतात, आणि डिनर म्हणजे दुपारचं जेवण. मला एका काकूंनी डिनरला बोलावलं, मी आपली रात्री आठला डबा घेऊन हजर, त्या दुपारी बारापासून वाट बघत होत्या.

गाडीचं एक लक्षात ठेवा. आपल्याकडं रात्री रोही आडवं येतं ना, तसं तिथं मूस. घोड्याहून उंच, पाय लांब, गाडीनं पाय उडवले की धड थेट काचेवर येतं. गंमत म्हणजे ते मूळचं तिथलं जनावरच नाही, 1904 मध्ये चार आणून सोडले, त्यांचा एवढा विस्तार झाला. दाजींना म्हणावं दिवस मावळताना हायवेला सावकाश.

माणसं मात्र अगदी आपल्यासारखी. दार न वाजवता घरात येतात, चहा विचारत नाहीत, ठेवतातच, त्यात डब्यातलं घट्ट दूध. कुणाला कधी एकटं जेवू देणार नाहीत. बहीण पडायची नाही तिथं एकटी.

औशाचा_दादा

ताई तुम्ही एवढं लिहिलंत, मी आईला सगळं वाचून दाखवलं, मूसचं दोनदा. रोही आमच्या हरभऱ्यात रोजच, त्यामुळं तिला लगेच कळलं. तीन मिळवायचं पण जमलं. फक्त "दिवसाची रात्र करायची" यावर म्हणली, "आपण कोण करणार, ती झालेलीच असती तिकडं."

माणसं आपल्यासारखी म्हणलात तर एक सांगतो. धाकटी ज्या म्हाताऱ्यांची सेवा करते त्या तिला "माय लव्ह", "माय डकी" म्हणतात म्हणं. आईनं फोनवर मागून कुणाचा तरी आवाज ऐकला, इंग्रजी काही कळलं नाही, "माय" तेवढं कळलं. तेव्हापासून गल्लीत सगळ्यांना सांगायलीय की तिकडच्या बायका आमच्या लेकीला "माय" म्हणून हाक मारतेत, चांगल्या घरच्या दिसतेत. मी खरं काय ते सांगितलं नाही. कामून सांगू?

ज्वारी_भाकर

मी अंबाजोगाईची. थोडं कडू बोलते, राग मानू नका भाऊ.

सगळे आईची सोय बघायलेत, पोरीची कोण बघायलंय? बारा तास म्हाताऱ्या माणसांना उचलून बसवून, अंगं पुसून ती बाहेर पडते, गाडीत बसल्या बसल्या पहिलं काम काय तर माहेरचा फोन. उचलला नाही तर घरभर रडारड. मग तिला वाटतं, उचललाच पाहिजे. माझी मोठी जाऊ दुबईला होती, तिथं तर फक्त दीड तासाचा फरक, तरी सासूबाईंच्या रोजच्या नऊच्या फोनपायी तिनं कधी निवांत जेवण केलं नाही, भाजी एका हातात आणि फोन एका हातात. दीड तास असो की नऊ तास, प्रश्न घड्याळाचा नसतोच.

आवाज रेकॉर्ड करून पाठवता येतो ना व्हॉट्सॲपवर? आईंनी काकड्याला जाता जाता बोलून ठेवावं, तिनं तिच्या सवडीनं ऐकावं, रविवारी मात्र पोटभर बोलावं. आणि तिला नाईट लागते का कधी? लागत असंल तर दिवसा झोपती कधी ते विचारलंय का कुणी?

औशाचा_दादा

राग नाही ताई. वाचून जरा लागलं, पण तुमचं खोटं नाही.

नाईट लागते, महिन्यातनं आठ-दहा दिवस. सकाळी नऊला झोपून दुपारी तीनला उठते. म्हणजे आपल्या संध्याकाळी सहा ते रात्री बारा. आणि आम्ही फोन कधी करायचो, तर दिवाबत्ती झाली, दुकान बंद केलं, साडेसात-आठला, सगळे घरात असतेत म्हणून. एवढ्या दिवसात ती एकदाबी म्हणली नाही की दादा मी झोपले होते. आवाज बसल्यासारखा यायचा, मी म्हणायचो थंडीमुळं असंल.

आज विचारलं तिला. म्हणली, "मग काय झालं, नंतर झोपायचे की."

गुर्जी_निलंगा

घड्याळ मागं-पुढं का करतात यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. निवृत्त भूगोल शिक्षक आहे, सवय जात नाही.

आपल्या औसा-निलंगा भागात वर्षातला सगळ्यात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि लहान अकराचा. फरक दोन-सव्वादोन तास. गँडर 49 अंश उत्तरेला, तिथं मोठा दिवस सोळा तासांचा आणि लहान आठचा, म्हणजे बरोबर दुप्पट. घड्याळ हलवलं नाही तर जूनमध्ये पहाटे चारलाच ऊन, सगळी दुनिया झोपलेली. ते उजेडाचं तासभर पहाटेकडून काढून संध्याकाळी जोडतात, एवढीच युक्ती. त्यांनी हे 1917 मध्येच सुरू केलं. आपल्याकडं दोन तासांसाठी कोण उठाठेव करणार. पण अगदीच झालं नाही असं नाही, दुसऱ्या महायुद्धात 1942 ते 1945 हिंदुस्थानची वेळ एक तास पुढं केली होती. तेव्हा औशाच्या काकूंना सांगा, सरकारनं केलं आणि आपल्याकडंही लोकांनी करू दिलं.

दुसरं, आपलं घड्याळ तरी कुठं आपल्या सूर्याचं आहे? भारतीय वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. औसा साडेशहात्तरवर. सहा अंश, एका अंशाला चार मिनिटं, चोवीस मिनिटं झाली. म्हणजे आपल्या डोक्यावर सूर्य येतो तो सरासरी बारा चोवीसला. मी पोरांना मेच्या मध्यात मैदानात नेऊन लोखंडी नळी उभी करून दाखवायचो, त्या दिवसांत आपल्याकडं सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. बाराचा टोल पडला तरी नळीची सावली असायची, पोरं म्हणायची गुरुजी चुकले. बारा वीसच्या सुमाराला सावली गुडूप व्हायची, मग गप. उलट आसामात मेमध्ये साडेचारला उजाडतं आणि घड्याळ मात्र आपलंच, म्हणून तिथल्या चहाच्या मळ्यांत आपापली एक तास पुढची "बागान वेळ" चालते. तेव्हा एका देशात इतके टाईम कसे हा प्रश्न कॅनडाला विचारण्यापेक्षा, आपल्या एवढ्या रुंद देशाला एकच कसा पुरतो हे विचारा.

औशाचा_दादा

गुरुजी नमस्कार. आईचा एक प्रश्न बाकी होता, तुम्हालाच विचारतो. धाकटी संकष्टी धरती. आईचं म्हणणं चंद्र औशाचा बघायचा, म्हणजे इथं चंद्रोदय झाला की फोन करून सांगायचं "सोड उपास". धाकटी म्हणती मग मी दुपारी बाराला, ढळढळीत उजेडात सोडू का?

गुर्जी_निलंगा

धाकटीचं बरोबर. चंद्र जिथं माणूस आहे तिथला. गँडरचा चंद्रोदय मोबाईलवर निघतो. ढगात दिसला नाही तरी वेळ झाली की सोडायचा, आपण पावसाळ्यात हेच करतो.

पण तिथीचं जरा वेगळं आहे. चंद्र आणि सूर्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी होते, म्हणजे तिथी सगळ्या पृथ्वीवर एकाच क्षणी बदलते. समजा अमावास्या आपल्याकडं सकाळी सातला संपली, तर गँडरला तोच क्षण आदल्या रात्रीचा दहाचा. आपल्या उगवत्या सूर्याला असलेली तिथी त्यांच्या उगवत्या सूर्याला असेलच असं नाही, म्हणून एखादी एकादशी त्यांच्याकडं एक दिवस अलीकडं पडते. कॅलेंडर इथून पाठवलं असेल तर त्यातल्या तारखा डोळे झाकून धरू नका म्हणावं.

तारखेवरून आठवलं. किल्लारीचा भूकंप झाला 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री विसर्जनं करून लोक नुकते झोपले होते. मी तेव्हा नोकरीत नवीन, दुसऱ्या दिवशी शाळेची पोरं मोजत फिरत होतो. हे वाचताना हिशेब केला. त्या क्षणी गँडरला 29 तारीखच होती, संध्याकाळचे 7 वाजून 56 मिनिटं. तिथं कुणी जेवण उरकून दारात उभं असेल.

परभणीची_पोर

गुरुजी, अंगावर काटा आला.

गँडरचं पण असंच एक आहे. 11 सप्टेंबर 2001. न्यूयॉर्कला पहिलं विमान धडकलं तेव्हा आपल्याकडं संध्याकाळचे सव्वासहा आणि गँडरला सकाळचे सव्वादहा. अमेरिकेनं आकाश बंद केलं, वाटेतली 38 मोठी विमानं एकट्या गँडरला उतरवली. साडेसहा हजारांच्या वर माणसं, आणि गाव तेव्हा दहा हजाराच्या आसपास. शाळेच्या बसवाल्यांचा संप चालू होता, तो सोडून ते गाड्या घेऊन विमानतळावर गेले. शाळेत, चर्चमध्ये, घराघरात माणसं ठेवून घेतली, चार-पाच दिवस जेवू घातलं. तिथल्या एका काकूंनी मला सांगितलं, पहिली अडचण जेवणाची नव्हतीच, माणसांना कळत नव्हतं की आता किती वाजलेत. कुणाचं घड्याळ पॅरिसचं, कुणाचं फ्रँकफुर्टचं. आणि घरी फोन करायचा तर घरी रात्र की दिवस.

ज्वारी_भाकर

किल्लारीला आमच्या गल्लीतनं पण भाकरी गेल्या होत्या, मी लहान होते, आईनं रात्रभर थापलेल्या. धोतरात बांधून ट्रकमधे टाकल्या.

भाऊ, आधी जरा जास्तच बोलले वाटतं. आईंना माझा नमस्कार सांगा.

औशाचा_दादा

बरेच दिवसांनी आलोय, काय ठरलं ते सांगायचं राहिलं होतं.

काकडा कार्तिकी पौर्णिमेला संपला, तो प्रश्न आपोआप सुटला. आईनं ज्वारी_भाकर ताईंचं ऐकलं, पण आपल्या पद्धतीनं. फोनवर बोट दाबून धरायचं आणि बोलायचं मी शिकवलं. पहिल्या दिवशी नुसतं "हां... हां..." एवढंच आलं, ती समोरून कुणी बोलंल म्हणून वाट बघत होती. आता रोज पहाटे एक पाठवती. त्यात मागं कोंबडा, चूल फुंकल्याचा आवाज, म्हशीला हाड्या. धाकटी म्हणती, आईचं बोलणं नंतर ऐकते, आधी मागचं ऐकते. नाईट असली की आम्ही संध्याकाळी फोनला हात लावत नाही. आईनं भिंतीवर दुसरं घड्याळ लावलंय, पण ते उलटं टांगलंय की काय असं बघणाऱ्याला वाटतं, कारण तिनं मला ते तीन तास पुढंच लावायला सांगितलं. म्हणली, रात्र का दिवस ते मी बघते.

येळवस झाली आपली. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो, मार्गशीर्षातली अमावास्या, आमच्या लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे शेतात. कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि बिंदग्यातलं आंबील. पूजा होते दुपारी बाराच्या सुमाराला. बारा अधिक तीन, रात्रीचे तीन. आई म्हणली राहू द्या, झोपू द्या तिला. पण धाकटीनंच कळवलं होतं, त्या आठवड्यात नाईट हाय, तीनला अर्ध्या तासाची सुट्टी असती, लावाच.

शेतात रेंज कुठली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा राहिलो तर दोन काड्या आल्या, मग सगळ्यांना ट्रॉलीजवळ बोलावलं. ती खुर्चीवर बसलेली, मागं पांढरी भिंत, ट्यूबलाईट. मी कोप दाखवली, हरभरा दाखवला, करडई दाखवली. चुलत्यांनी आंबील शिंपत "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणत रानाला फेरी धरली, मोबाईल त्यांच्या मागं मागं, रेंज गेली, आली, परत गेली. धाकटी काही बोलत नव्हती, नुसती बघत होती.

तेवढ्यात तिच्या मागं एक म्हातारी आली, काठी टेकत, झोप लागत नाही म्हणून त्या रात्रीच्या फिरत असतात म्हणं. स्क्रीनमधे वाकून बघितलं आणि काहीतरी विचारलं. आईनं लगेच, "काय म्हणायलीय गं?"

धाकटी म्हणली, विचारायलीय हे ऊन आत्ताचं हाय का.

आई म्हणली, "आत्ताचंच म्हणावं. या जेवायला."

मोंढा_नाका

भज्जी उरली का?